एकाच नावाचे इंग्रज वेगळे कसे काढायचे : आपली सोलापुरी पद्धत

माझ्या मोबाइलमधे सिद्धाराम नावाची अकरा माणसं आहेत. सिद्धाराम गॅस, सिद्धाराम गॅरेज, सिद्धाराम एलआयसी, सिद्धाराम टॉवेल (अक्कलकोट रोड एमआयडीसीत याचा कारखाना आहे), सिद्धाराम साडू, असे दहा जण आणि अकरावा नुसताच सिद्धाराम, जो कोण आहे ते मला आता आठवत नाही, त्याचा फोन आला की मी "बोला की ओ" म्हणत आवाजावरून अंदाज घेत बसतो. सोलापूरकराला यात नवल वाटायचं कारण नाही. सिद्धेश्वराचं गाव, घरटी एक सिद्धाराम नाहीतर मल्लिनाथ निघणारच, आणि हाक मारली की समोरचा पहिलं विचारतो, "कुठला सिद्धाराम बे?"

हा प्रश्न आपण माणसाच्या बाबतीत रोज विचारतो, पण पुस्तकातल्या साहेबाच्या बाबतीत विचारत नाही. तिथं जॉन स्मिथ वाचलं की जॉन स्मिथ, संपलं. माझी फजिती यातच झाली.

आमच्या मंडळाची गणपतीत प्रश्नमंजुषा असते आणि माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान असल्यामुळं प्रश्न काढायचं, स्लाइड बनवायचं काम आपोआप माझ्याच गळ्यात पडतं. मी प्रश्न घातला, १८५३ साली वेषांतर करून मक्केला जाऊन आलेला हा इंग्रज कोण, उत्तर रिचर्ड बर्टन, आणि खाली इंटरनेटवरून काढलेला रिचर्ड बर्टनचा फोटो चिकटवला. मस्त कोट, मागं विंचरलेले केस, देखणा गडी, आणि फोटो रंगीत. पडद्यावर स्लाइड आली तसं मागच्या रांगेतनं एक रिटायर्ड काका उठले, "ओ साहेब, हे तर पिक्चरमधलं हाय की, एलिझाबेथ टेलरचा नवरा!" सगळा मांडव हसला. काकांचं बरोबर होतं. १८५३ चा माणूस रंगीत फोटोत कसा येईल एवढं तरी डोकं मी चालवायला पाहिजे होतं.

त्या दिवसापासनं मी एक दोनशे पानी वही केली, त्यात एका नावाचे जेवढे इंग्रज सापडतील तेवढे लिहायचे. स्पर्धा परीक्षेची पोरं दुकानात नोट्स झेरॉक्सला घेऊन येतात, त्यांच्या नोट्समधे पण हीच खिचडी दिसते, म्हणून ही पद्धत इथं सगळी लिहून काढतोय. मी इंग्रज म्हणतोय ते आपल्या बोलण्यातल्या अर्थानं, यात स्कॉटिश, वेल्श सगळे आले, ते लोक ऐकतील तर चिडतील पण आपल्याकडं साहेब म्हणजे इंग्रजच.

आधी वहीतली ओळ कशी लिहायची ते सांगतो. नाव, मग धंदा, मग गाव, मग जन्म-मृत्यूचं साल, आणि शेवटी एक खूण. खूण म्हणजे अशी गोष्ट जी त्या नावाच्या दुसऱ्या कुणालाच लागू होत नाही. माझ्या वहीतल्या दोन ओळी अशा आहेत :

रिचर्ड बर्टन, फौजी आणि प्रवासी, टॉर्की, १८२१ ते १८९०, गालावर भाल्याचा व्रण.
रिचर्ड बर्टन, नट, वेल्स, १९२५ ते १९८४, खरं नाव रिचर्ड जेनकिन्स.

पहिला बर्टन ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत होता, १८४२ ला मुंबईत उतरला, गुजरात-सिंधमधे राहिला, भाषा शिकायचं त्याला वेडच होतं आणि त्यानं शिकलेल्या भाषांत आपली मराठी पण होती. १८५५ मधे सोमालियाच्या किनाऱ्यावर बर्बेरा इथं त्याच्या तळावर हल्ला झाला तेव्हा भाला एका गालातनं घुसून दुसऱ्या गालातनं बाहेर आला, आणि पुढं जेवढे फोटो निघाले त्यात तो व्रण दिसतो. मी फोटो शोधताना एवढं बघितलं असतं तर काका उठलेच नसते. दुसरा बर्टन मुळात बर्टनच नव्हता, वेल्समधल्या खाणकामगाराचा पोरगा, फिलिप बर्टन नावाच्या मास्तरांनी त्याला हाताखाली घेतलं, घडवलं आणि त्यानं मास्तरांचं आडनाव घेतलं. म्हणजे पहिल्याचं नाव बापाकडनं आलेलं आणि दुसऱ्याचं मास्तरांकडनं, तरी जुळून आलं बघा. (एलिझाबेथ टेलर नावाची एक इंग्रज कादंबरीकार पण होती, नटीपेक्षा वेगळी, पण बायकांची वही वेगळी करावी लागेल, आज पुरुषांचंच बघू.)

आता काम कुठनं सुरू करायचं, तर सालापासनं. धंदा नंतर बघा, सालानं निम्मी गर्दी कमी होते. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या सोलापूरचंच आहे. जुन्या मराठी पुस्तकांत नुसतं "मन्रो साहेब" लिहिलेलं असतं. मे १८१८ मधे आपल्या भुईकोट किल्ल्याला वेढा घालून पेशव्यांच्या फौजेकडनं सोलापूर घेतलं तो थॉमस मन्रो, ग्लासगोचा, पुढं मद्रासचा गव्हर्नर झाला, रयतवारीशी त्याचंच नाव जोडलेलं आहे, आणि १८२७ ला कॉलऱ्यानं गेला. पण १७६४ ला बक्सारची लढाई जिंकली तो पण मन्रोच. एका पोराच्या नोट्समधे मी वाचलंय की बक्सार जिंकणाऱ्या मन्रोनं पुढं सोलापूर घेतलं. अरे बाबा, मधे चोपन्न वर्षं आहेत! बक्सारचा मन्रो हा हेक्टर, आणि ती लढाई झाली तेव्हा आपला थॉमस तीन वर्षांचा होता, घोड्यावर काय, पाटावर पण नीट बसत नसेल. आणि इंग्रजीच्या धड्याला साकी नावाच्या लेखकाची गोष्ट असते ना, त्या साकीचं खरं नाव हेक्टर ह्यू मन्रो. म्हणजे हेक्टर मन्रो दोन झाले, एक सेनापती, एक विनोदी कथाकार. हा दुसरा १८७० ला ब्रह्मदेशात जन्मला, तिथं थोडे दिवस पोलिसात नोकरी केली, लंडनला जाऊन पेपरात लिहायला लागला आणि १९१६ ला पहिल्या महायुद्धात फ्रान्समधे गोळी लागून गेला.

बाप-लेक एकाच नावाचे असले की साल फार जपून बघायचं, कारण तिथं काळ एकमेकांवर चढतो. आपल्यात बापाचं नाव पोराला ठेवत नाहीत, आजोबाचं ठेवतात, आणि मधे वडलांचं नाव लावतो म्हणून आपली ओळख आपोआप तुटत जाते. साहेबांच्यात बापाचं नाव थेट पोराला, मधलं नाव असलं तर असलं. विल्यम जोन्स म्हटलं की आपल्याला कोलकात्याचे सर विल्यम जोन्स आठवतात, १७८४ ला एशियाटिक सोसायटी काढली, शाकुंतल इंग्रजीत नेलं, संस्कृत-ग्रीक-लॅटिन एका मुळातनं आल्या असाव्यात असं १७८६ ला मांडलं. त्यांच्या बापाचं नाव पण विल्यम जोन्स, आणि बाप गणिती, वर्तुळाच्या गणितात आपण जे पायचं चिन्ह काढतो ते त्या अर्थानं १७०६ मधे पहिल्यांदा बापानं छापलं. पोरगा जन्मला १७४६ ला आणि बाप गेला १७४९ ला, तीन वर्षांची काय ती गाठभेट. इंटरनेटवर "पायचं चिन्ह वापरणारे संस्कृत पंडित विल्यम जोन्स" असं वाचायला मिळालं तर गुपचूप पुढं जायचं.

थॉम्पसन बाप-लेकांचं पण असंच आहे. एडवर्ड थॉम्पसन, बाप, बंगालमधे बांकुऱ्याला मास्तर होता आणि रवींद्रनाथांवर लिहायचा. एडवर्ड थॉम्पसन, पोरगा, इतिहासकार, इंग्लंडच्या कामगारवर्गावरचं त्याचं १९६३ चं जाडजूड पुस्तक आहे आणि त्यात हातमागावरच्या विणकरांवर अख्खं प्रकरण आहे. आपल्या पूर्व भागातल्या (सोलापूरची विणकरांची वस्ती) कुणी ते वाचलं तर जवळचं वाटेल, यंत्र आलं तसं मजुरी कशी उतरत गेली, घरचा माग कसा बंद पडला, हे सगळं आपल्या गल्लीत ऐकलेलंच आहे. मी इथं जरा रेंगाळतोय कारण आमच्या घरी आजोबांपर्यंत माग होता.

आता आद्याक्षरं. मधलं नाव टाकून देऊ नका, तिथंच खरी चावी असते. क्रिकेटवाल्यांना हे पक्कं माहीत आहे. मिडलसेक्सकडनं जे. टी. हर्न आणि जे. डब्ल्यू. हर्न असे दोन जॅक हर्न खेळले, लांबचे भाऊ, काही वर्षं तर बरोबरच. जे. टी. म्हणजे बोलर, १८६७ चा, फर्स्ट क्लासमधे ३०६१ विकेट, १८९९ ला लीड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक. जे. डब्ल्यू. धाकटा, १८९१ चा, मुख्य बॅट्समन पण लेगस्पिन पण टाकायचा, इंग्लंडकडनं २४ टेस्ट. स्कोअरकार्डवर आद्याक्षरं छापायची सवय नसती तर यांचा हिशोब कधीच लागला नसता. मी वहीत आता "हर्न (बोलर)" आणि "हर्न (बॅट)" असं लिहितो.

चर्चिलनं तर स्वतःच हे काम केलं. विन्स्टन चर्चिल नावाचा एक अमेरिकन कादंबरीकार होता, आणि १८९९ च्या सुमाराला तो इंग्लंडच्या चर्चिलपेक्षा लेखक म्हणून जास्त प्रसिद्ध होता. आपला चर्चिल तेव्हा पंचविशीचा फौजी आणि बातमीदार, नुकताच बंगळुरूचं पोस्टिंग करून गेलेला, त्यानं अमेरिकेला पत्र टाकलं की लोकांचा गोंधळ होतोय, तेव्हा मी माझ्या पुस्तकांवर विन्स्टन स्पेन्सर चर्चिल असं लिहीन. मान्य झालं आणि पुढं त्यानं ते पाळलं पण. आता ब्रिटिशांपुरतं बोलायचं तर त्याचा नातू पण विन्स्टन चर्चिल, १९४० ते २०१०, तो पण पत्रकार, तो पण हुजूर पक्षाचा खासदार! आजोबा-नातू, धंदा तोच, पक्ष तोच. इथं साल सोडून दुसरा इलाज नाही.

सर, लॉर्ड, कॅप्टन असल्या पदव्यांवर मात्र बिलकुल विसंबू नका. मुंबईचे दोन गव्हर्नर एल्फिन्स्टन, दोघांनाही मराठीत "एल्फिन्स्टन साहेब" म्हणतात. एक माउंटस्टुअर्ट, १८१९ ते १८२७, पेशवाईच्या शेवटी पुण्यात रेसिडेंट होता तोच, एल्फिन्स्टन कॉलेज त्याच्या नावाचं. दुसरा लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६०, पहिल्याचा पुतण्या, लोकलचं एल्फिन्स्टन रोड स्टेशन याच्या नावाचं होतं, २०१८ ला ते प्रभादेवी झालं. लोक छातीठोकपणे स्टेशन आणि कॉलेज एकाच्याच खात्यात टाकतात.

कॅप्टनचा घोळ तर याहून मोठा. कॅप्टन जॉन स्मिथ म्हणजे कोण? एक कॅप्टन जॉन स्मिथ १५८० ते १६३१, अमेरिकेत व्हर्जिनियाला जेम्सटाउन वसवणाऱ्यांतला. दुसरा कॅप्टन जॉन स्मिथ मद्रास घोडदळातला, शिकारीला गेला होता आणि २८ एप्रिल १८१९ ला त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. दोघंही कॅप्टन, दोघंही जॉन स्मिथ, दोघंही कुठंतरी लांबच्या रानात. पदवीनं काही कळत नाही, नावानं नाही, कामाचं वर्णन पण मोघम केलं तर सारखंच, साल आणि जागा बघितली तरच सुटतं. आणि याच्यावर कडी म्हणजे विसाव्या शतकात तिसरा जॉन स्मिथ, स्कॉटलंडचा वकील, मजूर पक्षाचा पुढारी, १९९२ ला पक्षाचा नेता झाला, पंतप्रधान होणार असं सगळे धरून चालले होते, आणि १२ मे १९९४ ला हार्ट अटॅकनं गेला, मग टोनी ब्लेअरचा नंबर लागला.

अजिंठ्याच्या दहा नंबरच्या लेण्यात खांबावर त्या दुसऱ्या स्मिथनं स्वतःचं नाव कोरून ठेवलंय. हजारो वर्षांच्या चित्रांवर चाकू चालवला म्हणून त्याला शिव्या घालायच्या तेवढ्या घालाच, मी पण घालतो, पण नीट बघा त्यानं काय कोरलं : नाव, २८ वं घोडदळ, तारीख. म्हणजे त्याला पण माहीत होतं की नुसतं जॉन स्मिथ लिहून कुणाला काही कळणार नाही. त्यानं आपली पलटण लिहिली, आपण सिद्धारामच्या पुढं गॅरेज लिहितो, तसंच.

याच्यावर जरा विचार केला तर मजा वाटते. स्मिथ म्हणजे लोहार. टेलर म्हणजे शिंपी. बटलर म्हणजे बड्या घरचा दारूचं कोठार सांभाळणारा नोकर. इंग्रजांची निम्मी आडनावं म्हणजे मुळात आपली मोबाइलमधली पद्धतच आहे, गावात चार जॉन झाले तेव्हा एकाला जॉन लोहार म्हणायला लागले. फक्त पुढं ते गोठलं. लोहाराचा पणतू वकील झाला तरी नाव जॉन लोहारच, आणि परत गावभर जॉन लोहार झाले. वेल्समधे तर याहून वाईट, तिथं आडनाव म्हणजे बापाचं नाव, जोन्स म्हणजे जॉनचा पोरगा, आणि बारशाची नावंच मोजकी, म्हणून जिकडं तिकडं जोन्स. मग तिथल्या लोकांनी काय केलं, दूधवाल्याला जोन्स द मिल्क, पाववाल्याला इव्हान्स द ब्रेड म्हणायला लागले. सिद्धाराम गॅस! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दुकानात एकटाच हसत बसलो होतो, गिऱ्हाइकाला वाटलं याला काय झालं.

नट-गायकांचं वेगळं तंत्र आहे. तिथं छापलेलं नाव खरं असेलच असं नाही, म्हणून जन्माचं नाव शोधून वहीत लिहायचंच. ब्रिटनमधे नटांची इक्विटी म्हणून युनियन आहे, तिचा नियम असा होता की एका नावाचे दोन सभासद चालणार नाहीत, जो आधी आला त्याचं नाव, नंतरच्यानं बदलायचं. त्यामुळं डेव्हिड मॅकडोनाल्ड नावाचा पोरगा डेव्हिड टेनंट झाला, एका बँडमधल्या गायकाचं आडनाव उचललं. त्याच्या आधी जेम्स स्टुअर्ट नावाचा इंग्रज नट होता, पण हॉलिवूडमधे त्याच नावाचा मोठा अमेरिकन नट आधीच बसलेला, म्हणून हा स्टुअर्ट ग्रेंजर झाला. आणि डेव्हिड जोन्स, लंडनचा, १९४७ चा, गाणं म्हणायचा, पण तेव्हाच मँचेस्टरचा डेव्ही जोन्स नावाचा दुसरा गायक पुढं यायला लागला, मंकीज बँडमधला, तेव्हा आपल्यानं एका अमेरिकन सुऱ्याच्या नावावरनं बोवी आडनाव घेतलं. डेव्हिड बोवी तो हाच. तिसरा डेव्हिड जोन्स कवी आणि चित्रकार, १८९५ ते १९७४, पहिल्या महायुद्धात खंदकात राहून आलेला. आपल्याकडं असली युनियन असती तर अकरातल्या दहा सिद्धारामांना नावं बदलावी लागली असती.

सगळ्यात अवघड केस मी मुद्दाम मागं ठेवली होती, डेव्हिड लॉईड. इथं सालानं काम होत नाही, कारण हे तिघं १९४७, १९४८ आणि १९५० चे. देशानं नाही, तिघं इंग्लंडचेच. "खेळाडू" एवढं लिहून पण होत नाही, कारण दोघं खेळाडू आहेत. पहिला लँकेशायरचा क्रिकेटर, जुन्या माणसांना तो चांगला आठवतो, १९७४ च्या दौऱ्यात लॉर्ड्सवर आपण ४२ ला ऑल आउट झालो आणि पुढच्या एजबॅस्टनच्या टेस्टमधे यानं आपल्याविरुद्ध नाबाद २१४ ठोकले. दुसरा टेनिसवाला, त्याच्या नावाचे जिम-क्लब सगळीकडं निघाले. तिसरा कॉमिक्सचा चित्रकार, तो हसरा पांढरा मुखवटा आंदोलनात लोक घालतात ना, गाय फॉक्सचा, कॉमिक्समधलं ते रूप यानं काढलं. आणि गंमत बघा, १९९६ ते १९९९ या काळात पहिला डेव्हिड लॉईड इंग्लंडच्या क्रिकेट टीमचा कोच होता आणि त्याच काळात दुसरा डेव्हिड लॉईड ब्रिटनच्या डेव्हिस कप टीमचा कॅप्टन होता. एकाच दिवसाच्या खेळाच्या पानावर दोघं येऊ शकत होते. अशा वेळी बारीक धंदा लिहा, म्हणजे खेळाडू नको, कुठला खेळ ते लिहा. आणि भाऊ-बायको-गाव असली बारीकसारीक माहिती पण गोळा करा. टेनिसवाल्याचा भाऊ जॉन लॉईड, तो पण टेनिसवाला, आणि अजून एक जॉन लॉईड टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांचा निर्माता आहे, जाऊ दे, ते पान वेगळं.

गूगलवर शोधताना नुसतं नाव टाकू नका, नावाच्या दोन्ही बाजूंना अवतरण चिन्हं टाका आणि पुढं धंदा आणि गाव. नको तो माणूस सारखा वर यायला लागला तर त्याच्या धंद्याच्या आधी वजाचं चिन्ह लावा, जागा न सोडता. डेव्हिड लॉईड शोधताना मी जिम आणि क्लब वजा करतो, नाहीतर दहा पानं नुसत्या मेंबरशिपच्या जाहिराती. विकिपीडियावर एकाच नावाच्या लोकांची यादी असलेलं पान असतं, मराठीत त्याला निःसंदिग्धीकरण म्हणतात (हा शब्द स्टेजवर बोलायला जाऊ नका, मी अडखळलोय). तिथं पण नावापुढं कंसात धंदा लिहिलेला असतो, म्हणजे परत सिद्धाराम गॅरेजच. लायब्ररीच्या कॅटलॉगमधे लेखकाच्या नावापुढं जन्म-मृत्यूचं साल असतं ते पण वहीत उतरवा, फुकटची माहिती आहे.

स्पेलिंग इंग्रजीतनंच टाका आणि दोन-तीन पद्धतीनं टाका. देवनागरीत आपण सगळं एकसारखं करून टाकतो. थॉमसनमधे "पी" आहे का नाही, ब्राउनच्या शेवटी "ई" आहे का, क्लार्कच्या शेवटी आहे का, स्मिथमधे "आय" आहे का "वाय", हे मराठी पुस्तकावरनं कळत नाही. १८९७ ला इलेक्ट्रॉन शोधणारे जे. जे. थॉमसन "पी" नसलेले आणि वर सांगितलेले इतिहासकार "पी"वाले. आपल्याला ते एकच घराणं वाटतं.

फोटोचं एक पक्कं गणित करून ठेवा. फोटोग्राफी जगापुढं आली १८३९ ला. त्याच्या आधी मेलेल्या माणसाचा फोटो कुणी दाखवला तर तो दुसऱ्याचाच आहे, डोळे झाकून सांगा. थॉमस मन्रोचं चित्र किंवा पुतळाच असणार, सर विल्यम जोन्सचं पण चित्रच. फ्रान्सिस बेकन शोधलं आणि सुरकुतलेल्या जॅकेटमधे रंगानं माखलेल्या खोलीत उभा असलेला माणूस आला तर तो डब्लिनला जन्मलेला चित्रकार, १९०९ ते १९९२, आणि गळ्याभोवती चुणीदार झालर, डोक्यावर उंच टोपी असलेलं चित्र आलं तर तो १५६१ ते १६२६ चा तत्त्वज्ञ. कपडे बघायची सवय लावा, आपण लग्नाच्या अल्बममधे बघतो तशी.

आता उलटा धोका. ही वही करायला लागलं की सगळीकडं दोन-दोन माणसं दिसायला लागतात आणि आपण एकाच माणसाचे दोन करून बसतो. मी केलंय ते. नळदुर्गला आपण पावसाळ्यात नर-मादी धबधबा बघायला जातो, त्या भागात मेडोज टेलर म्हणून एक साहेब अधिकारी होता. आणि ठगांवरची १८३९ ची गाजलेली कादंबरी लिहिणारा पण मेडोज टेलर. मी वहीत दोन ओळी केल्या होत्या, "टेलर (अधिकारी)" आणि "टेलर (कादंबरी)". माणूस एकच! लिव्हरपूलचा, १८०८ चा, पंधराव्या वर्षी मुंबईला एका व्यापाऱ्याकडं कारकुनी करायला आला, मग निजामाच्या फौजेत, मग सुरपूरला कारभारी, मग नळदुर्गला, मधल्या वेळात चित्रं काढायचा, लंडनच्या पेपरला बातम्या पाठवायचा, जुनी दगडी थडगी उकरून बघायचा. एवढी कामं एका माणसानं केली असतील असं मला वाटलंच नाही. आणि घोळ इथं संपत नाही, त्याच्या बापाचं नाव पण फिलिप मेडोज टेलर, व्यापारी. म्हणजे माझ्या दोन ओळी संख्येनं बरोबरच निघाल्या, फक्त माणसं चुकली.

असाच सी. ऑब्री स्मिथ. १८८९ ला दक्षिण आफ्रिकेत इंग्लंडचा कॅप्टन म्हणून एकच टेस्ट खेळला, जिंकला, आणि म्हातारपणी हॉलिवूडच्या पिक्चरमधे मिशाळ साहेबांच्या भूमिका करणारा नट पण तोच, तिथं त्यानं क्रिकेट क्लब पण काढला. दोन वेगळे समजून तोडायच्या आधी दोघांचं जन्मसाल आणि जन्मगाव जुळतंय का बघा. दोन्ही जुळलं आणि मधली वर्षं एकमेकांत बसली, म्हणजे इथली नोकरी संपली तिथं दुसरीकडचं काम सुरू झालं, तर माणूस एक. एकाच महिन्यात तो दोन देशांत दिसत असेल तर माणसं दोन.

शेवटचं काम प्रश्न लिहिण्याचं. उत्तरात नुसतं नाव आलं की भांडण ठरलेलं, म्हणून माणसाची खूण प्रश्नातच टाका. "जॉन विल्सन कोण होते?" असा प्रश्न काढू नका, कुणी म्हणेल १८२९ ला मुंबईत आलेले मिशनरी, ज्यांच्या नावाचं विल्सन कॉलेज आहे, कुणी म्हणेल क्रिस्टोफर नॉर्थ या टोपणनावानं लिहिणारे एडिनबरोचे प्रोफेसर, आणि दोघांनाही मार्क द्यावे लागतील. "लॉडर गावात १८०४ ला जन्मून मुंबईत शाळा काढणारे मिशनरी कोण?" असं विचारा. सॅम्युएल बटलर तर तीन आहेत, सतराव्या शतकातला विडंबनकार कवी, एक हेडमास्तर, आणि त्या हेडमास्तरचा नातू जो न्यूझीलंडला जाऊन मेंढ्या पाळून आला आणि मग लेखक झाला, तिथं मी मेंढ्या हा शब्द प्रश्नात घालतोच.

प्रश्न तयार झाला की मांडवात जायच्या आधी एका माणसाला वाचून दाखवा, ज्याला त्या विषयातलं काही माहीत नाही पण पिक्चर, क्रिकेट, राजकारण सगळ्यात तोंड घालतो. मी आता ते मागच्या रांगेतले काकाच पकडलेत. चहा आणि एक प्लेट भजी एवढ्यात काम होतं. मागच्या आठवड्यात त्यांना हेन्री मूरवरचा प्रश्न वाचून दाखवला, मूर्तिकार, १८९८ ते १९८६, आणि स्लाइडवर समुद्राचं एक छान चित्र लावलं होतं. काकांनी चष्मा वर करून बघितलं, भजं संपवलं आणि म्हणाले, "मूर्ती करणारा माणूस समुद्र कशाला काढंल बे?" घरी येऊन बघितलं, समुद्राची चित्रं काढणारा हेन्री मूर वेगळा, १८३१ ते १८९५. रात्री स्लाइड बदलली, वहीत नवीन पान काढलं.